पोलिसांनी घरातल्या शस्त्राबद्दल विचारले तर काय करावे : मुंबईकरांसाठी मार्गदर्शक

मुंबईतल्या कितीतरी मराठी घरांत एखादे शस्त्र असते, आणि ते असल्याची आठवण घरच्यांना वर्षातून एकदा, खंडेनवमीची पूजा मांडताना होते. आजोबांची तलवार, गावच्या घरातून आलेली ठासणीची बंदूक, वडिलांच्या परवान्यावरची बारा बोअरची बंदूक, मुलीने नेमबाजी शिकताना घेतलेली एअर रायफल, असे काहीतरी माळ्यावर किंवा कपाटात वर्षानुवर्षे पडून असते. मग केव्हातरी ठाण्यातून फोन येतो किंवा बीटचे हवालदार दारात उभे राहतात, आणि घरातले सगळे जण एकाच वेळी बोलू लागतात. वडिलांच्या निधनानंतर त्यांची बंदूक आणि एक जुनी तलवार यांच्या चौकशीतून आमचे घर गेले. त्या काळात जे वाचावे लागले, विचारावे लागले आणि ठाण्याच्या बाकावर बसून शिकावे लागले, ते येथे क्रमाने मांडत आहे.

पोलिसांपुढे आपले हक्क सांगणे म्हणजे त्यांच्याशी वाद घालणे नव्हे. अशा प्रकरणाचा निकाल बहुधा पहिल्या दिवशी तयार झालेल्या कागदांवर लागतो. जबाबात काय उतरले, पंचनाम्यात काय लिहिले गेले आणि तुमच्या हातात कोणती पावती आली, यावर पुढचे सगळे ठरते. म्हणून आवाज खाली ठेवावा आणि कागदाबद्दल मात्र आग्रह सोडू नये. हा लेख वकिलाची जागा घेऊ शकत नाही. घरात विनापरवाना पिस्तूल किंवा जिवंत काडतुसे सापडली असतील, तर पुढचे वाचण्याआधी फौजदारी वकिलाला फोन करावा.

१. आपल्याकडे नेमके काय आहे, ते आधी ओळखा

मूळ कायदा शस्त्र अधिनियम, १९५९ हा आहे. पोलिसांच्या कागदांत तो बहुधा ‘भारतीय हत्यार कायदा’ या नावाने येतो. त्याच्या कलम ३ प्रमाणे बंदूक, रिव्हॉल्व्हर, पिस्तूल अशा कोणत्याही अग्निशस्त्राला आणि त्याच्या दारूगोळ्यालाही परवाना लागतो. एक जिवंत काडतूस, बंदूक नसली तरी, परवान्याशिवाय ठेवता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका व्यक्तीला सर्वसाधारणपणे दोनच अग्निशस्त्रे ठेवता येतात (पूर्वी ही मर्यादा तीन होती), आणि वारसाने आलेले शस्त्रही याच मर्यादेत मोजले जाते.

ठासणीच्या जुन्या बंदुकीबाबत सर्वांत जास्त गैरसमज आहे. ‘ती ऐतिहासिक आहे, तिला काही लागत नाही’ असे ठामपणे सांगणारे नातेवाईक प्रत्येक घरात असतात. कलम ४५ मधील सूट कालबाह्य बनावटीच्या, पुरातन किंवा मोडक्या शस्त्राला मिळते खरी, पण ते शस्त्र दुरुस्त करूनही अग्निशस्त्र म्हणून वापरता येणार नाही, अशी अट तिला जोडलेली आहे. गंजलेली नळी साफ करून आणि घोडा बदलून बंदूक चालणार असेल, तर ती कितीही जुनी असली तरी सूट मिळत नाही, आणि ती चालेल की नाही हे ठरवणे आपल्या काकांचे काम नसून तज्ज्ञाचे आहे.

एअर गनचे नियम सौम्य आहेत. शस्त्र नियम, २०१६ प्रमाणे नळीचा आतला व्यास ४.५ मिलिमीटरपर्यंत, म्हणजे .१७७ बोअर, असलेल्या आणि २० ज्यूलपेक्षा जास्त ऊर्जा नसलेल्या एअर गनला परवाना लागत नाही. मात्र दारात आलेल्या हवालदाराला ती दिसायला रायफलच दिसते, त्यामुळे खरेदीचे बिल आणि उत्पादकाचे माहितीपत्रक हेच तुमचे संरक्षण असते.

धारदार हत्यारांचे प्रकरण गुंतागुंतीचे आहे. तलवार, गुप्ती, खंजीर, भाला, तसेच ज्यांचे पाते ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद आहे असे सुरे नियमांच्या पाचव्या वर्गात येतात. परंतु घरगुती, शेतीच्या, शास्त्रीय किंवा औद्योगिक कामासाठी बनवलेली अवजारे त्यातून वगळलेली आहेत. म्हणून स्वयंपाकघरातली विळी, नारळवाल्याचा कोयता किंवा मासळी बाजारातली सुरी केवळ लांबीमुळे शस्त्र ठरत नाही. पाचव्या वर्गातील हत्यारांना परवाना लागतो की नाही, हे शस्त्र अधिनियमाच्या कलम ४ खालील अधिसूचनेवर अवलंबून असते. त्यामुळे तलवारीबद्दल गुन्हा नोंदला गेलाच, तर ‘कोणत्या अधिसूचनेच्या आधारे?’ हा वकिलाने विचारायचा पहिला प्रश्न असतो.

याखेरीज महाराष्ट्र पोलीस अधिनियमाचे कलम ३७ आहे, आणि मुंबईत त्याच्याशीच जास्त गाठ पडते. या कलमाखाली पोलीस आयुक्त ठरावीक मुदतीचे मनाई आदेश काढतात आणि त्या काळात सार्वजनिक ठिकाणी शस्त्र, तलवार, सुरा, काठी किंवा इजा करता येईल अशी वस्तू घेऊन फिरणे हा कलम १३५ खाली गुन्हा ठरतो. हा आदेश वस्तू घेऊन फिरण्याविरुद्ध आहे. घरात देव्हाऱ्याजवळ ठेवलेल्या तलवारीला तो लागू होत नाही. शिवजयंतीच्या मिरवणुकीत दांडपट्टा खेळायचा असेल, तर मंडळाकडे त्याची लेखी परवानगी आहे का, हे आधी पाहून घ्यावे.

आणखी एक सापळा हल्ली वारंवार दिसतो. वाढदिवसाचा केक तलवारीने कापायचा आणि त्याचा व्हिडिओ स्टेटसला लावायचा. अशा व्हिडिओंवरून महाराष्ट्रभर गुन्हे नोंदले गेले आहेत, आणि चौकशी सुरू होते तेव्हा तलवार कोणाची, कुठून आणली आणि आता कुठे आहे, या प्रश्नांची उत्तरे घरातल्या ज्येष्ठांना द्यावी लागतात. परवान्याच्या बंदुकीने लग्नात बार काढणाऱ्यांसाठी तर २०१९ पासून कायद्यात स्वतंत्र तरतूद आहे : २ वर्षांपर्यंत कैद, १ लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

२. फाईल चौकशीच्या आधी तयार ठेवा

पोलीस आल्यावर कागद शोधणारा माणूस, काहीही लपवत नसला तरी, लपवत असल्यासारखा दिसतो. एका प्लास्टिकच्या फाईलमध्ये पुढील कागद ठेवावेत आणि प्रत्येकाची छायाप्रत वेगळी काढून ठेवावी.

• मूळ शस्त्र परवाना, त्यावरील युनिक आयडेंटिफिकेशन नंबर, आणि नूतनीकरणाच्या अर्जाची पोच. परवान्याची मुदत आता ५ वर्षांची असते.
• शस्त्र व काडतुसे खरेदी केल्याची बिले. शस्त्रावर कोरलेला क्रमांक परवान्यावरील क्रमांकाशी अक्षर न् अक्षर जुळतो का, हे स्वतः पाहून घ्यावे.
• पूर्वी निवडणुकीच्या काळात किंवा अन्य कारणाने शस्त्र जमा केले असल्यास त्या सर्व पावत्या.
• वारसाने आलेल्या शस्त्रासाठी मूळ परवानाधारकाचा मृत्यू दाखला, वारसांची माहिती आणि इतर वारसांचे ना-हरकत पत्र.
• तलवार किंवा अन्य जुन्या वस्तूचे जुने फोटो, पूजेचे किंवा लग्नातले, ज्यावरून ती वस्तू घरात किती काळ आहे हे दिसेल.
• एअर गनचे बिल; नेमबाज असल्यास क्लबचे किंवा संघटनेचे ओळखपत्र.
• वकिलाचा दूरध्वनी क्रमांक, कागदावर लिहिलेला. फोन हातातून गेला की त्यातले क्रमांकही जातात.

मूळ परवानाधारक वारला की त्याच्या परवान्यावर कुटुंबाला शस्त्र ठेवता येत नाही, ही गोष्ट दुःखाच्या दिवसांत कोणाच्याही लक्षात येत नाही. शस्त्र अधिनियमाच्या कलम २१ प्रमाणे असे शस्त्र विनाकारण विलंब न लावता नजीकच्या ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जमा करावे लागते. आपल्या नावावर परवाना हवा असेल, तर अर्ज त्यानंतर करायचा, आणि मुंबईत तो पोलीस आयुक्तांच्या शस्त्र परवाना शाखेकडे जातो. बंदूक स्वतः टॅक्सीत घालून ठाण्यात नेऊ नये. आधी मृत्यू दाखल्याच्या प्रतीसह पत्र द्यावे, त्याची पोच घ्यावी आणि शस्त्र कसे आणायचे ते ठाण्याला विचारावे. आमच्याकडे ठाण्यातील कर्मचारी स्वतः घरी आले आणि बंदूक पावती देऊन घेऊन गेले.

हयातीतच सोय करायची असेल, तर नियमांत एक उपयुक्त तरतूद आहे. परवानाधारकाला ७० वर्षे पूर्ण झाली असतील किंवा शस्त्र २५ वर्षे त्याच्याकडे असेल, तर तो वारसाच्या नावाने परवाना मिळण्यासाठी पुढे येऊ शकतो.

३. रस्त्यात किंवा नाक्यावर अडवले तर

शस्त्र जवळ असताना रस्त्यावर अडवले गेले, तर गप्प राहण्याचा हक्क फारसा कामाचा नाही. शस्त्र अधिनियमाच्या कलम १९ नुसार शस्त्र घेऊन जाणाऱ्याकडे कोणताही पोलीस अधिकारी परवाना मागू शकतो. तो दाखवला नाही, तर नाव-पत्ता विचारता येतो आणि आवश्यक वाटल्यास शस्त्र जप्त करता येते. नाव-पत्ता नाकारला किंवा खोटा सांगितला, तर वॉरंटशिवाय अटकही होऊ शकते. म्हणून शस्त्र बरोबर असेल तेव्हा मूळ परवाना बरोबर असलाच पाहिजे, आणि तो मागितल्यावर निमूटपणे दाखवावा. परवान्यावर लिहिलेल्या क्षेत्राबाहेर शस्त्र नेता येत नाही, हेही त्याच वेळी तपासले जाते.

शस्त्राला हात लावण्याआधी ‘माझ्याकडे परवान्याचे शस्त्र आहे, ते कमरेच्या उजव्या बाजूला होल्स्टरमध्ये आहे’ असे तोंडाने सांगावे आणि दोन्ही हात दिसतील असे ठेवावेत. रात्रीच्या नाकाबंदीत, बॅरिकेडच्या पिवळ्या दिव्यात, खिशाकडे गेलेला हात परवान्यासाठी आहे की आणखी कशासाठी, हे समोरच्याला कळण्याचा मार्ग नसतो.

शस्त्र तेथेच ताब्यात घेतले गेले, तर पावतीशिवाय जागा सोडू नये. अधिकाऱ्याचे नाव, हुद्दा, ठाणे, वेळ आणि शस्त्राचा क्रमांक या पाच गोष्टी टिपून घ्याव्यात.

विमानतळाबद्दल एक सूचना. बॅगेच्या कप्प्यात विसरलेले एखादे काडतूस क्ष-किरण तपासणीत दिसते आणि प्रवासी थेट ठाण्यात पोहोचतो, असे मुंबईत घडत आले आहे. ताबा जाणीवपूर्वक असायला हवा, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने १९७२ च्या गुणवंतलाल प्रकरणात स्पष्ट केले आणि त्याच्या आधारे उच्च न्यायालयांनी असे अनेक गुन्हे रद्द केले आहेत. तरीही ते रद्द होईपर्यंतचा काळ वकिलाच्या पायऱ्या झिजवण्यात जातो, म्हणून नेमबाजाची बॅग प्रवासाला मागून नेऊ नये आणि आपली बॅग कोणाला देऊ नये.

४. पोलीस घरी आले तर

दार उघडल्यावर पहिला प्रश्न शांतपणे विचारावा : ‘साहेब, आपण परवान्याच्या पडताळणीसाठी आला आहात, माहिती घ्यायला आला आहात, की झडती घ्यायला?’ या तिन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पडताळणी ही परवानाधारकासाठी नित्याची बाब असते आणि तीत सहकार्य करावे. माहिती घ्यायला आलेल्यांना बसवावे, पाणी द्यावे, पण घरभर फिरवून कपाटे उघडून दाखवण्याचे बंधन तुमच्यावर नाही. ‘जरा आत बघू का?’ या सहज विचारलेल्या प्रश्नाला दिलेला सहज होकार ही तुमची संमती ठरते.

झडती असेल, तर तिला आधार लागतो. न्यायालयाचे वॉरंट असू शकते; शस्त्र अधिनियमाच्या कलम २२ खाली जिल्हा दंडाधिकाऱ्याचा, म्हणजे मुंबईत पोलीस आयुक्तांचा, कारणे नोंदवून काढलेला आदेश असू शकतो; किंवा तपास चालू असेल तर भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, २०२३ च्या कलम १८५ खाली वॉरंटशिवायही झडती घेता येते, मात्र तिची कारणे आधी लेखी नोंदवावी लागतात. ही संहिता १ जुलै २०२४ पासून लागू झाली आहे, त्यामुळे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचे क्रमांक पाठ असलेल्या नातेवाइकाला जरा बाजूला बसवावे.

झडतीच्या वेळी याच संहितेच्या कलम १०३ प्रमाणे परिसरातले दोन किंवा अधिक स्वतंत्र व प्रतिष्ठित पंच हवेत, घरमालकाला किंवा त्याच्या वतीने कोणाला तरी हजर राहू दिले पाहिजे आणि जप्त वस्तूंच्या यादीची प्रत त्याला मिळाली पाहिजे. कलम १०५ प्रमाणे झडती आणि जप्ती यांचे दृक्श्राव्य चित्रीकरण करणे आता बंधनकारक आहे. ‘चित्रीकरण सुरू आहे ना?’ एवढेच विचारावे. स्त्रीची अंगझडती फक्त स्त्रीच घेऊ शकते.

झडती बेकायदा आहे असे वाटले, तरी दारात आडवे उभे राहू नये. शासकीय कामात अडथळ्याचे जुने ‘३५३’ आता भारतीय न्याय संहितेत कलम १३२ झाले आहे, आणि शस्त्राचा साधा प्रश्न त्या कलमामुळे भलताच मोठा होतो. ‘माझी संमती नाही, पण मी अडवत नाही’ हे वाक्य मोठ्याने, कॅमेऱ्यासमोर उच्चारावे आणि बाजूला व्हावे. बेकायदा झडतीविरुद्ध दाद न्यायालयात मागायची असते.

५. ठाण्यात बोलावले तर

‘उद्या अकरा वाजता जरा येऊन जा’ असा फोन हा कायदेशीर समन्स नाही. साक्षीदार म्हणून बोलवायचे असेल, तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७९ खाली लेखी आदेश लागतो. आणि स्त्रिया, १५ वर्षांखालील मुलगे, ६० वर्षांवरील पुरुष, अपंग व गंभीर आजारी व्यक्ती यांना राहत्या घराबाहेर हजर होण्याची सक्ती करता येत नाही. म्हणजे वडिलांच्या बंदुकीबद्दल आईला ठाण्यात बोलावले जात असेल, तर तिचा जबाब घरी घ्यावा, अशी लेखी विनंती नक्की करावी. संशयित म्हणून हजर व्हायची नोटीस कलम ३५(३) खाली येते. ती व्हॉट्सॲपवर बजावता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये बजावले आहे.

माझे मत असे की नुसत्या फोनवरही जावे, पण तसे लेखी कळवून जावे. ‘आपल्या आजच्या दूरध्वनीनुसार मी उद्या सकाळी ११ वाजता हजर राहत आहे, कृपया लेखी नोटीस द्यावी’ असे दोन ओळींचे पत्र ठाण्यात देऊन त्यावर शिक्का घेतला, की तुम्ही टाळाटाळ केली असे पुढे कोणाला म्हणता येत नाही. लेखी नोटीस मिळाल्यावर मात्र गैरहजर राहू नये. कलम ३५ च्या नोटिशीकडे दुर्लक्ष करणे हे अटकेचे कारण होऊ शकते.

जाताना मूळ परवाना न्यावा, पण तो हातातून सोडण्याआधी पावती मागावी. शस्त्र बरोबर नेऊ नये, जोपर्यंत लेखी तसे सांगितलेले नाही. बरोबर एक माणूस असावा, आणि तो बाहेरच्या बाकावर बसला तरी चालेल. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२२ मध्ये पोलीस ठाणे हे शासकीय गुपिते कायद्याखालील ‘निषिद्ध ठिकाण’ नाही, असे म्हटले आहे. तरी अधिकाऱ्याच्या तोंडासमोर मोबाइल धरणे शहाणपणाचे नाही. ठाण्यातील सीसीटीव्हीचे चित्रीकरण पुढे न्यायालयामार्फत मागता येते, म्हणून आत गेल्याची आणि बाहेर पडल्याची वेळ टिपून ठेवावी.

६. जबाब देताना

नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १८० प्रमाणे पोलिसांच्या प्रश्नांना खरी उत्तरे द्यायची असतात, पण जे उत्तर तुम्हालाच गुन्ह्यात गोवू शकेल ते देण्याचे बंधन नाही. त्याच्या मुळाशी राज्यघटनेचे कलम २०(३) आहे. याचा व्यवहारातला अर्थ असा की नाव, पत्ता, परवाना क्रमांक आणि शस्त्र सध्या कोठे जमा आहे हे सांगावे. ‘ही तलवार कोणी, कधी, कशासाठी बाहेर काढली?’ असे प्रश्न सुरू झाले, तर ‘यावर मी वकिलाशी बोलून उत्तर देईन’ असे म्हणावे. खोटे मात्र अजिबात बोलू नये. गप्प राहणाऱ्याला कायद्याचे संरक्षण आहे, खोटे बोलणाऱ्याला नाही.

पोलिसांसमोर दिलेली कबुली न्यायालयात तुमच्याविरुद्ध पुरावा होत नाही, पण साक्ष अधिनियमात एक मोठा अपवाद आहे : तुमच्या सांगण्यावरून एखादी वस्तू सापडली, तर तेवढे निवेदन पुरावा म्हणून येते. शस्त्राच्या प्रकरणात ‘कुठे ठेवलंय ते दाखव, मग घरी जा’ या वाक्याचे वजन त्यामुळे फार असते.

तपासातील जबाबावर सही घेता येत नाही, असे नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १८१ सांगते. प्रत्यक्षात कागद पुढे सरकतो आणि पेनही. प्राथमिक चौकशीतल्या जबाबावर किंवा अर्जावर सही करायची वेळ आली, तर पूर्ण वाचून करावी, कोऱ्या जागेवर आडवी रेघ मारावी आणि तारखेबरोबर वेळही लिहावी. जबाब तुमच्या तोंडच्या भाषेत नसतो, तो ठरलेल्या साच्यात असतो, आणि ‘मी समक्ष विचारल्यावरून सांगतो की’ या सुरुवातीनंतर तुम्ही न बोललेले शब्द सहज येऊन बसतात. ‘वडिलांनी ठेवलेली तलवार’ आणि ‘मी बाळगत असलेली तलवार’ यांतला फरक टंकलेखकाच्या दृष्टीने किरकोळ असतो, तुमच्या दृष्टीने नाही. दुरुस्ती सुचवायला संकोच करू नये. बहुतेक अधिकारी ती करतात.

७. जप्ती आणि पंचनामा

या पायरीवर सर्वांत जास्त लक्ष द्यावे, कारण पुढे न्यायालय तुमची तलवार बघण्याआधी पंचनाम्यातली तलवार बघते. आमच्या घरच्या पंचनाम्याला खालच्या मजल्यावरच्या शिंप्याकडून टेप मागवली होती, आणि मोजणी मुठीच्या बोंडापासून टोकापर्यंत झाली. नियमांत मोजायचे असते ते पाते. शिवाय कागदावर आधीच ‘एक लोखंडी धारदार तलवार’ असे उमटले होते. वस्तुतः त्या पात्यावर अंगठा फिरवला तरी ओरखडा उठत नव्हता, म्यानातून ती अर्धीच निघत होती आणि खाली पिवळ्या कागदावर गंजाची भुकटी पडली होती. पंचांना ते दाखवले. ‘पाते व मूठ यांची लांबी वेगवेगळी लिहा, धार बोथट आहे आणि गंज आहे तेही लिहा’ अशी विनंती केल्यावर ती मान्य झाली. पंच म्हणून उभे असलेले केमिस्ट पहिल्यांदाच वाकून पाहू लागले.

अग्निशस्त्राच्या पंचनाम्यात बनावट, बोअर, क्रमांक, काडतुसांची संख्या आणि ती जिवंत की रिकामी, हे यायला हवे. शस्त्र नेमके कोठून काढले, कुलूप होते का आणि किल्ली कोणाकडे होती, हेही यायला हवे. एकत्र कुटुंबात ताबा कोणाचा, हा प्रश्न शेवटी त्या किल्लीपाशी येऊन थांबतो. वस्तू तुमच्या समोर सीलबंद करून त्यावर पंचांच्या सह्यांची चिठ्ठी लावली जाते. तसे झाले नाही, तर ते तुमच्या टिपणात लिहून ठेवावे. फोन घेतला गेला, तर त्याचीही नोंद याच यादीत झाली पाहिजे.

पंचनाम्याची प्रत तेथेच मागावी. नाही मिळाली, तर दुसऱ्याच दिवशी वरिष्ठ पोलीस निरीक्षकांच्या नावाने अर्ज द्यावा.

८. अटक झालीच तर

साध्या विनापरवाना ताब्याच्या गुन्ह्याची कमाल शिक्षा ७ वर्षांच्या आत बसते, आणि अशा गुन्ह्यांत अटक हा नियम नाही. २०१४ च्या अर्नेश कुमार निकालापासून पोलिसांना अटकेची गरज कारणांसह नोंदवावी लागते. गरज नसेल, तर नोटीस द्यायची असते. प्रतिबंधित शस्त्रे, शस्त्रांची विक्री किंवा निर्मिती यांची कलमे मात्र कितीतरी कडक आहेत.

अटक करणाऱ्या अधिकाऱ्याच्या अंगावर नावाची ठळक पट्टी हवी. अटकेचा पंचनामा तयार होऊन त्यावर घरच्या किंवा परिसरातल्या व्यक्तीची साक्षीदार म्हणून सही हवी, आणि नातेवाइकाला कळवले पाहिजे. अटकेची कारणे लेखी आणि तुम्हाला समजणाऱ्या भाषेत मिळाली पाहिजेत. नोव्हेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, मुंबईतल्याच एका प्रकरणात, हे सर्व गुन्ह्यांना लागू केले : लगेच लेखी देणे शक्य नसेल, तर रिमांडसाठी हजर करण्याच्या निदान २ तास आधी ती द्यावी लागतात. चौकशीदरम्यान वकिलाला भेटता येते, मात्र पूर्ण वेळ तो शेजारी बसेल असे नाही. प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांच्या आत न्यायदंडाधिकाऱ्यासमोर उभे केलेच पाहिजे. वकील परवडत नसेल, तर विधी सेवा प्राधिकरणाचा १५१०० हा क्रमांक घरच्यांनी लावावा. आणि मारहाण झाली असेल, तर ती वैद्यकीय तपासणीत डॉक्टरला आणि न्यायालयात न्यायाधीशांना सांगावी. त्या क्षणी न सांगितलेले नंतर सिद्ध करणे फार कठीण जाते.

शस्त्र अधिनियमाच्या कलम ३ च्या गुन्ह्यात आरोपपत्राबरोबर जिल्हा दंडाधिकाऱ्याची, म्हणजे मुंबईत पोलीस आयुक्तांची, पूर्वमंजुरी असावी लागते. ती कलम ३९ ची अट आहे. वकिलाला ती तपासायला सांगावी.

९. शस्त्र आणि परवाना परत मिळवताना

निवडणुकीच्या काळात शस्त्र जमा करण्याची नोटीस आली, तर घाबरू नये, पण ती वाचावी. सरसकट सर्वांचे शस्त्र जमा करून घेण्याऐवजी छाननी समितीने प्रत्येक परवानाधारकाचा विचार करावा, अशी निवडणूक आयोगाची पद्धत आहे. जामिनावर असलेले, गुन्हेगारी पार्श्वभूमीचे किंवा पूर्वी दंगलीत सापडलेले लोक त्यात प्रामुख्याने येतात. बँकेचा सुरक्षारक्षक असाल, तर सूट मिळावी म्हणून कारणांसह अर्ज लगेच द्यावा. जमा केलेले शस्त्र निकालानंतर आठवड्याभराने परत मिळते, फक्त पावती दाखवावी लागते.

गुन्ह्यातला मुद्देमाल म्हणून जप्त झालेले शस्त्र मात्र ठाण्यातून परत मिळत नाही. ‘साहेबांना भेटा, देतील’ असे सांगणाऱ्यांवर वेळ घालवू नये. त्यासाठी नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४९७ किंवा ५०३ खाली संबंधित न्यायदंडाधिकाऱ्याकडे अर्ज करावा लागतो. मुद्देमाल ठाण्यांत विनाकारण पडून राहू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये सुंदरभाई देसाई प्रकरणात सांगितले आहे, आणि वकील अर्जात त्याचाच आधार घेतात. परवाना चालू असेल, तर बंधपत्रावर शस्त्र मिळण्याची शक्यता असते. परवान्याची मुदत मधल्या काळात संपू देऊ नये, शस्त्र जप्त असले तरी नूतनीकरणाचा अर्ज करावा.

परवाना निलंबित किंवा रद्द झाला, तर शस्त्र अधिनियमाच्या कलम १७ प्रमाणे परवाना प्राधिकाऱ्याला कारणे लेखी नोंदवावी लागतात आणि सार्वजनिक हिताला बाध येत नसेल तर मागितल्यावर ती थोडक्यात द्यावी लागतात. ती मागण्याचा अर्ज आदेश हातात पडेल त्याच दिवशी करावा, कारण कलम १८ खालील अपिलाची मुदत मोजकीच असते. अपिलात जुन्या पावत्या, वेळेवर केलेली नूतनीकरणे आणि शस्त्र कधीही गैरवापरात आले नसल्याचे कागद जोडावेत. अपील प्रलंबित असताना शस्त्र घरात ठेवू नये. ते ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावे आणि त्या पावतीची प्रत अपिलाच्या अर्जाला टाचावी.